काठी अजून पाठवली नाही

प्रिय परेश,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. फोनवर मला सहज खोटं बोलता येतं, म्हणून लिहिते आहे. बाबांची मासे धरायची काठी तू कॅनडाहून तीनदा मागितलीस आणि मी तीनदा सांगितलं, कुरियरवाला एवढी लांब वस्तू घेत नाही. त्याला मी विचारलेलंच नाही. काठीचे चार तुकडे सुटे होतात, पिशवीत मावते, हे तुलाही माहीत असणार.

बाबा गेल्यावर चार महिने ती कपाटामागे होती. मग एक दिवस त्यांचं मासेमारीवरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचायला बसले. एका पानाला दोन दोन दिवस लागायचे. त्यातून कळलं की या काठीच्या मासेमारीत गळाला वजनच नसतं. पिसांची खोटी माशी, फुंकरीने उडेल अशी. वजन दोरीत. आपण दोरी फेकायची, माशी तिच्यामागून जाते. जहाजावर असताना स्कॉटलंडच्या बंदरातून त्यांनी ही काठी आणली, तेव्हा मी हसले होते. पुढे तीस वर्षं हसतच राहिले, विचारलं मात्र कधी नाही.

आता मी रोज सकाळी करंजाड्यातल्या मोकळ्या प्लॉटवर जाते. माशीच्या जागी लोकरीचा लाल गोंडा बांधते आणि पंधरा पावलांवर स्टीलचं ताट ठेवते. जमालभाई फिरायला येतात. रोज विचारतात, "भाभी, आज ताटात काय? पापलेट का बोंबील?" मी म्हणते, तुमची नजर लागली, रिकामंच आहे.

दीड महिना गोंडा डावीकडेच पडत होता. शेवटी कळलं, मी पाग टाकत होते! लहानपणी उरणच्या खाडीवर माझ्या बापाने मला ते फेकायचं जाळं शिकवलं होतं. "कमर फिरव गो, नाय तं पाग उघडाचा नाय." जाळं गोल उघडायला अंग फिरवावंच लागतं. दोरीला ते चालत नाही. काठीचं टोक सरळ मागे, सरळ पुढे न्यायचं. टोक ज्या दिशेला थांबेल, तिकडेच दोरी जाते. मागे नेल्यावर ती पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत काही करायचं नाही. क्षणभरच असतं ते, पण तेवढ्यात फार एकटं वाटतं. बाबा दर रविवारी गाढी नदीच्या काठावर एवढा वेळ काय करत असतील, ते तिथे उभं राहून थोडं समजतं. घरी येऊन ते सांगायला कोणी नसतं.

परवा गोंडा ताटात पडला. आवाजही झाला नाही. नेमके त्या दिवशी जमालभाई आले नव्हते.

काठी मी देणार नाही, परेश. एवढंच सांगायला हे पत्र. तुझा हक्क आहे, त्यांचं दुसरं काही तुझ्याकडे नाही, हे कळतं मला. घड्याळ घे, जहाजावरचा कोट घे, पुस्तकही घे, ते आता पाठ झालंय. पण सकाळी एक कप चहा केला की माझ्या दिवसातलं काम संपतं. काठी आहे म्हणून मी पायात चपला घालते. रागव हवं तर, पण पुन्हा मागू नकोस.

तुझीच,
आई