पहिल्या नंबरची सनद

मी, गुणाजी पदाजी नाखवा, वय ८१, धंदा मासेमारी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व होडी मुलगा विनेश याला. मागची खोली माझी पत्नी केसर हिची, ती असेपर्यंत. टीव्हीचा रिमोटही तिच्याकडेच राहील.

२. काशीदच्या वाटेवरची दोन गुंठे जागा मुलगी किशोरी हिला. तिथे तिने खाणावळ काढावी. कालवणात साखर घालू नये.

३. माझ्या आजोबांची सनद नात आरोही हिला. कारण सांगणे भाग आहे.

आजोबा संस्थानचे टपाल खाडीपार नेत. त्याबद्दल त्यांच्या होडीला धक्क्यावर मासळी उतरवायचा पहिला नंबर मिळाला. धक्का इंग्रजांच्या हद्दीत, म्हणून संस्थानने सरकारकडून बंदराच्या कायद्यात खास कलम घालून घेतले. पुढे संस्थान गेले, इंग्रज गेले, कलमही गेले. आम्ही नंबर सोडला नाही. शेजारच्या नीराबाईंची होडी चाळीस वर्षे आमच्या मागे थांबली.

गेल्या महिन्यात आरोही मोडी शिकून आली. सनद वाचून म्हणाली, "आजोबा, यात अट आहे. पावसाळ्यात आजाऱ्याला फुकट पलीकडे न्यायचं, तरच हा मान."

आम्ही कोणाला नेले नाही. पूल होईपर्यंत ते काम नीराबाईंनी केले. केसर बाळंतपणात अडली तेव्हा मी मुंबईत होतो. भर पावसात नीराबाईंनी तिला पलीकडे नेले, म्हणून किशोरी आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या आणि पहिल्याच दिवशी मी त्यांची होडी मागे लावली.

हा मान त्यांच्या नावे लिहायचा होता. वकील जयमालाबाई म्हणाल्या, "काका, धक्का सरकारी आहे. मृत्युपत्रात देता येणार नाही."

मग काल सकाळी धक्क्यावर गेलो. विनेशला होडी मागे घ्यायला लावली व सगळ्यांदेखत नीराबाईंची माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "आयकलं. आता सरा बाजूला, बरफ वितळतंय."

रात्री झोप छान लागली.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

गुणाजी पदाजी नाखवा
अलिबाग, ८ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार:
१. शिवदास म्हात्रे, निवृत्त शिक्षक
२. नीराबाई कोळी. यांना या कागदातून काही मिळत नाही, म्हणून साक्ष चालते. सही करताना म्हणाल्या, "इतक्यात मरू नका हां. न्हायतर लोक म्हणतील, नीरेनं घाबरवून मारलं."