गोळ्या चालू आहेत

ता. ९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मी ठीक आहे. फक्त हातांचे एक लिहायचे आहे, ते आईला कळवू नकोस.

तीन आठवडे झाले, दोन्ही हातांना मुंग्या येतात. आधी बोटांच्या टोकांना यायच्या, आता दुसऱ्या पेरापर्यंत आल्या आहेत. डाव्या-उजव्यात फरक नाही. मी रोज सकाळी सुईने टोचून पाहतो. मुंग्या असतात तोवर बोटे आहेत एवढे तरी कळते. त्या गेल्या की बोटांत कापूस भरल्यासारखे वाटते. तळपायांचेही थोडे तसेच आहे. परवा कारखान्याच्या फाटकापर्यंत एकच चप्पल घालून गेलो. दुसरी कुठे सुटली ते पहारेकऱ्याने विचारल्यावर कळले.

तू लोकांना सांगतेस की धाकटा काचेच्या कारखान्यात बसून असतो, म्हणून माझे काम पुन्हा एकदा लिहितो. पाणी प्यायचे पेले घासून, धुऊन माझ्या टेबलावर येतात. मी डोळे मिटून प्रत्येकाच्या काठावरून अंगठा आणि बोट फिरवतो. कुठे टवका उडालेला लागला तर तो पेला मोडीत. मुकादम म्हणतात, डोळा फसतो, बोट फसत नाही. माझ्या बोटानंतर त्या काठाला लागतो तो पिणाऱ्याचा ओठ.

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच हाताला असते तर मनगटात किंवा मानेत नस दबली का ते आधी पाहिले असते. दोन्ही मनगटांत एकदम दबते असेही होते. पण दोन्हीकडे सारखे आणि पायांनाही, म्हणजे अंगातच काही कमी-जास्त झाले आहे का ते बघायला हवे. साखर, थायरॉईड, मूत्रपिंड, एखादे जीवनसत्त्व, दारू, कामावरची रसायने, चालू असलेली औषधे. मी सगळे कागदावर उतरवून घेतले. दारूला नाही म्हणालो. औषध कुठले चालू आहे विचारले, त्यालाही नाही म्हणालो. रक्त दिले आहे. माझ्या खोलीत राहणारा भट्टीवाला म्हणतो, प्यायला असतास तर निदान कारण तरी सापडले असते.

आई तुझ्याकडे आली की सांग, शक्तीच्या गोळ्या चालू आहेत. वर्षभरात एकही चुकलेली नाही.

सर्वांना नमस्कार. धाकट्यावरचा लोभ जसा आहे तसा ठेवावा.

तुझा,
धाकटा


ता. १७ फेब्रुवारी

चि. पंतोजीस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने, एकदा शुद्धलेखनाच्या चुका शोधायला. चूक एकही सापडली नाही, काळजी मात्र पानोपानी. ते सुईने टोचणं आधी बंद कर. तू काय टाचण्यांची उशी आहेस?

तुझ्या भाऊजींच्या कचेरीत एकाला असंच व्हायचं. त्याला नसांच्या गोळ्यांनी गुण आला म्हणे. त्याच गोळ्या सोबत पाठवते, सकाळ-संध्याकाळ एकेक घे. आईला मी अवाक्षर बोलले नाही, पण तिला वास येतोच. तिनेही शक्तीच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या दिल्यात. आता एकीच्या जागी दोन घे म्हणते. बाबा गेले त्या वेळी औषध आणायला एक दिवस उशीर झाला, तेव्हापासून औषधाचं दुकान दिसलं की ती पायरी चढतेच. आपण काय बोलणार?

एक मात्र खरं खरं सांग. बोटांना कळत नाही, तर पेले पास कोण करतंय? दोन पानं भरून लिहिलंस आणि तेवढंच लिहिलं नाहीस. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही सगळ्या दिवसाची हकीकत सांगितली होतीस, फुलदाणी सोडून.

वेळेवर जेव. माझ्यावर रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई


ता. १ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. विचारलेस म्हणून लिहितो.

मागच्या सोमवारी एका पेल्यावर लाल रेघ दिसली. मला वाटले रंगखात्यातला पेला चुकून इकडे आला. मग टेबलावर थेंब दिसले. माझाच अंगठा चिरला होता आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून मी पेला ओठाला लावून बघतो. खालच्या ओठाला अजून सगळे कळते. मुकादमांची पाठ वळली की लावतो. पेले नंतर पुन्हा उकळत्या पाण्यातून काढतात, ती काळजी नको. पण काम निम्म्यावर आले आहे. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणते, हा पोरगा रिकाम्या पेल्यावर तहान भागवतो.

सोमवारच्या आधीचे चार-पाच आठवडे मात्र मी बोटांनीच पास केले. त्यात किती टवके निसटले, मला माहीत नाही. भीती वाटायला हवी, ताई. वाटत नाही. बोटांसारखेच आतही झाले आहे. एवढेच डोक्यात येते की शाळा आठवीत सुटली आणि बोटे हेच माझे सर्टिफिकेट. ते कोरे निघाले तर मी दुसरीकडे काय दाखवणार?

रक्ताचे कागद आले. साखर ठीक, थायरॉईड ठीक, मूत्रपिंड ठीक. डॉक्टरीणबाई आता नसांची तपासणी करायची म्हणतात. आईच्या गोळ्या दोन, तुझ्या दोन, आणि दवाखान्याशेजारच्या दुकानदाराने मुंग्यांवर दिलेली एक, अशा सगळ्या चालू आहेत. घड्याळ लावून घेतो. तरी मुंग्या मनगटापर्यंत आल्या.

भाऊजींना नमस्कार. लोभात खंड नसावा.

तुझा,
धाकटा


ता. ९ मार्च

चि. पंतोजीस,
अ. आ.

मुकादमांना सांग. माझं पत्र खाली ठेव आणि जाऊन सांग. त्यांनी काढून टाकलं तर इकडे ये, आमच्या घरात एक पोट जड नाही. पण कोणाचा ओठ फाटला तर ते तुला जन्मभर पुरेल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

दुसरं. तुझ्या भाऊजींनी गोळ्यांची यादी वाचली आणि म्हणाले, हा माणूस आहे की औषधाचं दुकान? ह्या सगळ्या डॉक्टरीणबाईंना दाखवल्यास का? तू औषध कुठलंच नाही म्हणालास, असं पहिल्या पत्रात आहे. मी ते पत्र पुन्हा काढून बघितलं. पाकिटांवर काय काय छापलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठव. अक्षर न अक्षर. ते तुझ्याइतकं कोणाला जमायचं नाही.

काळजी घे म्हणत नाही, काळजी कमी कर म्हणते.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

छपाई फार बारीक होती, म्हणून मुकादमांचे भिंग मागायला गेलो, आणि भिंग मागताना सगळे सांगूनही टाकले. मुकादमांनी काय केले ते पुढे लिहितो.

तुझ्यासाठी उतरवायला बसलो. आईच्या बाटलीवर नऊ नावे होती, तुझ्या पाकिटावर चार, दुकानदाराच्या पाकिटावर तीन. पायरिडॉक्सिन हे नाव तिसऱ्यांदा आले तेव्हा ते मला न बघता लिहिता आले. खाली जीवनसत्त्व ब-सहा असे लिहिले होते, आणि तिन्हीकडे भरपूर.

तोच कागद घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी तो वाचून पेन खाली ठेवले आणि विचारले, औषध चालू नाही असे का सांगितलेस? मी म्हणालो, ही औषधे नाहीत, ही आईने आणि ताईने पाठवली आहेत. मग म्हणाल्या, हे जीवनसत्त्व कमी पडले तरी मुंग्या येतात आणि महिनोन्‌महिने फार झाले तरी नसा दुखावतात. सुरुवात वर्षभराच्या गोळ्यांनी झाली असणार, आणि मुंग्यांवर म्हणून मी घेतल्या त्यांनी भर घातली. सगळे बंद. बरे व्हायला महिने लागतील. बहुतेक सुधारेल. पूर्ण सुधारेल की नाही ते आज सांगता येत नाही.

मुकादम ओरडले नाहीत. त्या आठवड्यांतली एकेचाळीस खोकी अजून गोदामात होती, ती त्यांनी उघडायला लावली. शेजारच्या बाईने आणि आणखी दोघांनी सगळे पेले पुन्हा तपासले. अकरा टवके निघाले. जो माल आधीच गेला होता त्या दुकानांना पत्रे गेली. ती मुकादमांनी मलाच लिहायला लावली. अजून कोणाची तक्रार आलेली नाही. माझे टेबल त्या शेजारच्या बाईला दिले आहे. मी आता पेले कागदात गुंडाळतो. तीन महिन्यांनी मुकादम माझ्यापुढे पेले ठेवून परीक्षा घेणार आहेत. त्यांनी हे सांगितले तेव्हा मला रडू यायला हवे होते. मी विचारले, कागद दुहेरी गुंडाळू की एकेरी.

आईला काय लिहू ते कळव. तिचे पत्र आले आहे, गोळ्या संपत आल्या असतील म्हणते.

लोभ आहे हे मला माहीत आहे.

तुझा,
धाकटा


ता. २८ मार्च

चि. पंतोजीस,
अ. आ.

माझ्या गोळ्यांनी तुझं वाढवलं. हे वाक्य लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

आईला सांगू नकोस. बाबांचं ओझं तिने अजून उतरवलेलं नाही, त्यावर हे आणखी कशाला? गोळ्या चालू आहेत असं लिही, आल्या की फेकून दे. एवढं खोटं देवही माफ करतो.

चुकले रे. माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


ता. ५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गोळ्या चालू आहेत असे लिहायला बसलो होतो. दोनदा लिहिले आणि दोन्ही कागद फाडले. हल्लीच मी बरेच पेले न कळता पुढे पाठवले आहेत, आता आणखी काही तसे पाठवायचे नाही.

माझ्या दोन्ही हातांच्या नसा दुखावल्या आहेत. शक्तीच्या गोळ्यांतले एक जीवनसत्त्व फार झाले म्हणून. तेच तुझ्या बाटलीत होते, ताईच्या पाकिटात होते आणि इथल्या दुकानदाराच्याही. तिन्ही मी घेतल्या आणि डॉक्टरांना सांगितले नाही. तू मला बरे वाटावे म्हणून पाठवत होतीस, मी तुला बरे वाटावे म्हणून घेत होतो. यात बाबांच्या वेळचे काही नाही. ते वेगळे होते.

ताईने हे लिहू नकोस म्हटले होते, तिला बोलू नकोस. गोळ्या पाठवू नकोस. तू स्वतः घेत असशील तर बाटली घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

हात आज कालच्यासारखेच आहेत. तुला वाईट वाटेल हे मला कळते. मला सध्या फारसे काही वाटत नाही, म्हणून हे पत्र कोरडे झाले आहे. ते मनावर घेऊ नकोस.

आशीर्वाद असावा.

तुझा,
धाकटा


ता. १३ एप्रिल

चि. बाळास,
आईचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. ताईला बोलले नाही, भांडी तेवढी जोरात घासली. मी स्वतः घेत नव्हते. सगळ्या तुलाच पाठवायचे.

उरलेल्या बाटल्या दुकानात परत नेल्या. त्याने घेतल्या नाहीत. मी त्याच्या फळीवर ठेवून निघून आले. तो मागून हाका मारत होता.

कोरडं लिहिलंस ते बरं केलंस. ओलं असतं तर मी ताईकडून वाचून घेतलं असतं. हे मीच वाचलं, चारदा.

दर महिन्याच्या तेरा तारखेला तुझी पेटी बांधायची सवय झालीये. आजही खोका काढला, तळाशी कागद घातला, दोरा कापला. आत घालायला काही नाही. शक्तीचं म्हणून काही नको, हे समजलं. मग मी काय पाठवू ते लिही. खोका उघडा ठेवलाय.

तुझी,
आई