डावं चाक तापलं होतं

साखरखेर्डा, मंगळवार, १४ मार्च १९६७

उद्या सुनेला बाळंतपणासाठी मेहकरला न्यायचंय आणि आमची जुनी मोटार डावीकडं ओढते. आठवडाभर मी स्टेअरिंगलाच दोष देत बसलो. आज फेरी मारून आलो, तर माझ्या बायकोनं, सुमननं, पुढच्या दोन्ही चाकांना हात लावला.

"अहो, उजवं थंड हाय, डावं तव्यावानी तापलं. स्टेअरिंगले काऊन दोष देता?"

मी सांगितलं, तसं मिस्त्रीनं डावं चाक उघडलं. ब्रेकचा दट्ट्या गंजून अडकला होता, पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. साफ केल्यावर चाक बोटानं फिरलं. तापलेलं चाक मला कसं कळलं नाही?

"मालक, बराबर वळखलं तुमी!" मिस्त्री म्हणाला. मी मान डोलावली. सुमन नुसती हसली.

उद्या गाडीत सुनेसमोर खरं सांगून टाकीन.