डाव्या बाजूची चाकं

९ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे मजेत. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. तू तर ठणठणीतच दिसतोस. चक्क चार पानं लिहिलीस! मी तिथे होतो तेव्हा दिवसभरात तुझ्या तोंडून चार वाक्यं निघायची. त्यातली तीन "पाना दे" अशी असायची, तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जातील एवढ्या आवाजात.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू नुसता ओरडतोस आणि तुला ऐकू काही येत नाही. कानातलं यंत्र लावा म्हणून सांगून वहिनी थकल्या. त्यापेक्षा पत्र बरं.

आता तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरांविषयी. चार पानांतली तीन त्यांच्यावरच खर्ची पडलीत. डॉक्टरांनी आपल्या गाडीच्या कार्बोरेटरची बारीक भोकं दात कोरायच्या हत्याराने साफ केली. डॉक्टर तो तोंडात घालायचा इवलासा आरसा इंजिनामागे घालून बघतात. डॉक्टर हातमोजे घातल्याशिवाय गाडीला शिवत नाहीत. आणि वर, "डॉक्टरांचा हात काय हलका आहे रे!" हलका? अरे भल्या माणसा, याच गृहस्थांनी निवृत्त व्हायच्या आधी माझी अक्कलदाढ उपटली होती. अर्धा तास झटापट चालली होती आमची. तेव्हा हा हलका हात काय रजेवर गेला होता?

मी जळत नाहीये हां. मला आनंदच आहे. निघताना मीच तुला म्हणालो होतो, "कुणाला तरी मदतीला घे, माझ्यासाठी काम अडवून ठेवू नकोस." म्हणालो होतो, कबूल. पण म्हणून लगेच घ्यायचा? निघताना माणूस असं काहीबाही बोलतो, समोरच्याने थोडी कळ काढायची असते. तू महिनाही थांबला नाहीस. माझ्या कामाच्या शर्टावरचं ग्रीस तरी वाळलं होतं का?

रंगाचं वाचून मात्र माझा तिळपापड झाला. आपण ज्या दिवशी ते धूड ओढत तुझ्या गॅरेजमध्ये आणलं, त्याच दिवशी बाटलीचा हिरवा ठरवला होता. अख्खी अमेरिकन गाडी, मागे माशासारखे पंख, तिला गडद हिरवाच शोभणार, हे तुझेच शब्द. आणि आता "डॉक्टरांच्या मते हस्तिदंती छान दिसेल"! दातांच्या डॉक्टरला दुसरा रंग सुचणार तरी कुठला? उद्या म्हणतील, पुढची जाळी दिवसातून दोनदा घासा.

आणि ते माझं स्टूल. डॉक्टरांनी त्याच्यावर उशी आणून ठेवली, असं तू कौतुकाने लिहिलंयस. स्टूल डाव्या बाजूला असतं, म्हणजे डॉक्टर डाव्या बाजूला बसतात. बरोबर ना? भोंग्या, बॉनेटवरच्या त्या छोट्या विमानाच्या नाकापासून सरळ रेघ मारून आपण गाडी वाटून घेतली होती. डावीकडचं माझं, उजवीकडचं तुझं. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं हे नंतर तुझ्या लक्षात आलं आणि तू आठवडाभर तोंड फुगवून बसला होतास. एवढी वर्षं मी तुझ्या उजव्या दाराला हात लावला नाही, तू माझ्या डाव्या. आणि परवा आलेला माणूस उशी घेऊन बसतो?

असू दे. बसू दे. त्यांची कंबर दुखत असेल.

इंजिन महिनाअखेरीस सुरू करणार म्हणतोस. "तू तिकडे कामात बुडालेला, म्हणून आग्रह करत नाही" असंही लिहिलंयस. बरं केलंस. मला इथे खरोखरच श्वास घ्यायला फुरसत नाही. नातीचा अभ्यास, इमारतीच्या लोकांच्या बैठका, सल्ला विचारायला येणारे जाणारे. गॅरेजची आठवणसुद्धा होत नाही.

शेवटचं. ब्रेक बघायला डावी चाकं काढायची आहेत आणि नट जागचे हलत नाहीत म्हणतोस. डॉक्टर पान्याला लांब पाइप लावून जोर करणार आहेत म्हणे, पाइप रविवारी येणार. "तू ती चाकं एकदा काढली होतीस, काही आठवतं का?" असं विचारलंयस. नाही बाबा. काहीच आठवत नाही. वय झालं. एवढा हुशार माणूस हाताशी आहे, त्यालाच विचार.

वहिनींना नमस्कार. डॉक्टरांना काही सांगू नकोस.

तुझा (अजून असेन तर),
किडक्या


११ मार्च

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमच्या घरावर दवाखान्याची जुनी पाटी अजून आहे, तिच्यावरचा पत्ता आठवून लिहितोय. भोंग्याबरोबर आधी गाडीचं काम करायचा तो मी. तुमच्याकडे दाढ काढायला आलो होतो, बाहेर बसलेल्या बायका उठून गेल्या होत्या एवढा ओरडलो होतो. आता ओळख पटली असेल.

आधी कामाचं. पाइप लावू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण पाइप लावू नका. त्या गाडीच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत. उजवीकडचे नट नेहमीसारखे सुटतात, डावीकडचे मात्र आपण आवळतो तसे फिरवले की सुटतात. त्या काळी काही गाड्या तशा बनवायचे. तुम्ही सोडवतोय समजून ते आवळत बसलाय. पाइप लावून जोर केलात तर बोल्ट मुळासकट मोडतील, आणि त्या मापाचे बोल्ट आम्ही सगळे भंगारवाले पालथे घातले तरी मिळाले नव्हते. भोंग्याला हे ठाऊक नाही, कारण डावी बाजू माझी होती. मी पहिल्यांदा ती चाकं काढली तेव्हा फजिती झाली होती. ती त्याला कळू नये म्हणून मी मूग गिळून बसलो होतो.

परवा त्याने मला हेच विचारलं. मी लिहिलं, आठवत नाही. पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून जेवण जात नाही. मला सगळं आठवतं, डॉक्टर. कुठल्या नटाची कड झिजलीय तेसुद्धा.

मग हे भोंग्यालाच का कळवत नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला कळवलं तर तो तिथल्या तिथे चाकं काढेल, मला दोन ओळींत "शाब्बास" लिहील, आणि मग तिथे माझ्यावाचून काही अडणार नाही. कशाचंच अडणार नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती, ती मी तुम्हाला देऊन टाकली. तुम्हाला! ज्या माणसाचं नाव ऐकलं तरी माझ्या पोटात दुखतं, त्याला.

मी त्याला लिहितो की मला फुरसत नाही. सगळ्या थापा. मी सातव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे, सूनबाई त्याहून चांगली, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही. "बाबा, तुम्ही फक्त आराम करा." नात शिकवणीला जाते, तिला माझं गणित जुनं वाटतं. इमारतीच्या बैठकीला मी एकदाच गेलो, पाण्याच्या पंपाबद्दल दोन शब्द बोललो, तर सगळे घड्याळाकडे बघायला लागले. दुपारी खाली गाड्या उभ्या असतात तिथे जाऊन नुसता फिरतो. एकदा मुलाच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर तो धावत आला, "बाबा, हात नका लावू, वॉरंटी जाईल." हात धुवायचं कारणसुद्धा मिळत नाही इथे.

आणि तिकडे तुम्ही. मित्र माझा, गॅरेज आमचं, स्टूल माझं, आणि हातमोजे घालून गाडीला हात लावणार तुम्ही. मला तुमचा राग येतो, साहेब. सज्जन माणसाचा राग येणं फार वाईट. शिव्या द्यायलाही जागा राहत नाही.

आता विनंती. युक्ती तुम्हाला कळली. मनात आणलंत तर पाच मिनिटांत नट सोडवाल आणि भोंगा तुमची पाठ थोपटेल, फार जोरात थोपटतो, सांभाळा. पण सोडवू नका. पाइप आणायला गेलात आणि मिळाला नाही, असं सांगा. हात दुखतोय सांगा. काहीही सांगा. आणि मग सहज म्हणा, "अहो, तुमचा तो मित्र होता ना, त्याला बोलावून बघू या का?" मी आपणहून यायला निघालो तर इतकी पत्रं खोटी पडतील, आणि तो मला जन्मभर सोडणार नाही. त्याने बोलावलं तर मिळेल त्या पहिल्या गाडीने येतो.

इंजिन सुरू होईल तेव्हा मला तिथे असायचंय. एवढंच. बारा वर्षं त्या लोखंडाला आम्ही दोघांनी बोलतं करायचा प्रयत्न केला. ते पहिल्यांदा बोलेल तेव्हा मी इथे लिफ्टची वाट बघत उभा असेन, हे मला सोसवत नाही.

उशी उचलू नका, स्टूलवरूनही उठू नका. स्टिअरिंगपाशी तुम्हीच बसा. मी उभा राहीन. रंग हस्तिदंती असला तरी चालेल. नाही, तो नाही चालणार, पण मी आल्यावर भांडेन, पत्रातून नाही.

आणि यातलं काही करायचं तुमच्या मनात नसेल, तरी एवढं ऐका. नट उलटे फिरवा. त्याची गाडी मोडू देऊ नका.

तुमच्यावर मनापासून जळणारा,
भोंग्याचा जोडीदार