दादाची पद्मश्री

४ जुलै, शुक्रवार. सकाळी, दूध यायच्या आधी.

झोप नाही. एक मिनिट पण नाही. सोनूच्या पप्पांना सांगितलं, पोरगी रडत होती म्हणून जागी होते. पोरगी आत्ता पण घोरतेय.

खरं कारण दादा. माझा मोठा भाऊ बुद्धभूषण. काल गुरुवार, कंपन्यांना सुट्टी, म्हणून चाकणहून आला. खांद्यावर गोणी. गोणीत सगळी मेडलं, कप, ढाली. म्हणला, विजू, तुमच्या गल्लीत भंगारवाला येतो ना, देऊन टाक. खोलीत आम्ही चौघं राहतो, पाय पसरायला जागा नाही. मी म्हणलं, दादा, कबड्डीची आहेत ती. म्हणला, कुठली कबड्डी?

एक चपाती खाल्ली आणि उठला. एक. हा माणूस सहा खाऊन सातवी मागायचा.

कठडा धरून पायऱ्या उतरला. मला भीती वाटते. तशी मला सगळ्याचीच वाटते. गॅसची, लिफ्टची, अनोळखी नंबरची. पण ही भीती वेगळी. दादा माझ्याकडं बघतच नव्हता.

ठरवलं. आजपासून घाबरायचं नाही. दादासाठी काहीतरी मोठं करायचं. गोणी पलंगाखाली सरकवली.

५ जुलै, शनिवार. दुपारी.

टीव्हीवर दिल्लीतला जुना कार्यक्रम. एक खेळाडू राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घेतोय. सोनूचे पप्पा जेवता जेवता चिडले. म्हणले, जो जिंकला त्याला घर मिळालं, गाडी मिळाली, नोकरी मिळाली, वर परत मान कशाला? आमच्या कंपनीत प्रेस मशीनवर मोरेंची दोन बोटं गेली, त्यांना कुणी शाल तरी दिली का? देश काय नुसता पळणाऱ्यांनीच चालवलाय?

शेजारच्या कुसुमताई डबे देतात, वीस वर्षं. त्या त्यांची वाटी परत मागायला आल्या होत्या. म्हणल्या, असं कसं, पोरं लहानपणापासून घाम गाळतात. पण मान द्यायचाच तर मला पण द्या. माझ्या डब्यावर अख्खी भोसरी कामाला गेलीय.

मी म्हणलं, जिंकला त्याला कशाला, जिंकता जिंकता राहिला त्याला द्यावा. त्याला दिल्लीचं मेडल पण नाही आणि गुडघा पण नाही. कुसुमताई वाटी घेऊन गेल्या.

मला वाटतं माझं बरोबर होतं.

६ जुलै, रविवार.

मोबाईलवर एक बाई सांगत होती, पद्मश्रीसाठी कुणीपण कुणाचंपण नाव पाठवू शकतं. वेबसाइट आहे. आधार आणि ओटीपी, बास.

कुणीपण म्हणजे मी पण.

सातवी पास आहे मी, आठवी अर्धी. फॉर्म म्हणजे काय, रेशनकार्डाचा भरलाच होता की. पंधरा मिनिटांचं काम.

८ जुलै, मंगळवार.

पंधरा मिनिटं झाली नाहीत. दोन दिवस झाले. माझी चूक नाही, ओटीपी येतो आणि सोनू मोबाईल घेऊन पळते.

त्यात आठशे शब्दांपर्यंत लिहायचंय, या माणसाने काय काय केलं. मी बहात्तर लिहिले. जिल्ह्याकडून खेळला. राज्य स्पर्धेत त्यांची टीम दुसरी आली. मग दिल्लीला नॅशनलच्या निवडीला जायचं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात भोसरीच्या मॅचला गुडघा गेला. प्लॅस्टर निघालं तेव्हा टीम जाऊन परत पण आली होती.

गुडघ्यासाठी फॉर्ममध्ये जागाच नाही. जिंकलेलं विचारतात, पडलेलं विचारत नाहीत.

मग मी लिहिलं, भारताकडून खेळला. खेळला असता असं लिहिणार होते, पण ते वाक्य बरं दिसेना. हे काही खोटं नाही. खरंच आहे, जरा उशिरा झालंय एवढंच.

सबमिट केलं. मेसेज आला. इंग्लिशमध्ये. घाबरले नाही.

९ जुलै, बुधवार.

कुसुमताईंना फक्त एवढंच बोलले की दादाच्या पद्मश्रीचा दिल्लीहून मेसेज आलाय. बाकी काही बोलले नाही. यात खोटं काय आहे? मेसेज आलाच होता. दिल्लीहूनच आला असणार, आमच्या रहाटणीहून कशाला येईल?

कुसुमताईंनी मला मिठी मारली. अंगाला फोडणीचा वास. मला इतकं बरं वाटलं की पुढचं सांगायचं राहून गेलं. उद्या सांगते, नुसता फॉर्म भरलाय म्हणून.

१० जुलै, गुरुवार. संध्याकाळी.

सांगायला गेले तर कुसुमताई नव्हत्या. डब्याबरोबर बातमी पण चौतीस घरी देऊन आल्या होत्या.

सहा वाजता ज्ञानेशभाऊ आले. पांढरे कपडे, चार माणसं, एक श्रीफळ. नगरसेवक अजून झाले नाहीत, होणार आहेत, तसं त्यांच्या गाडीवर लिहिलंय. म्हणले, वहिनी, आपल्या वॉर्डात पद्मश्री, आणि आम्हाला बाहेरून कळतं? भावाचा एखादा फोटो द्या. मी म्हणलं, भाऊ, तसं नाही, ते अजून. ते म्हणले, लाजू नका वहिनी, खेळाडूचा मान झालाच पाहिजे, आमचा अजेंडाच आहे तो.

सोनूचे पप्पा सुट्टी असून पण ओव्हरटाइमला. एकटी बाई चार माणसांना काय नाही म्हणणार? फोटो दिला. माझ्या लग्नातला, गॉगलवाला.

१२ जुलै, शनिवार.

चौकात फ्लेक्स लागला. दोन मजले उंच. ज्ञानेशभाऊ हात जोडून उभे, त्यांचा एक एक बूट सोनूएवढा. खाली तेवीस कार्यकर्त्यांची डोकी. कोपऱ्यात गॉगल घातलेला दादा, पासपोर्ट साइज. पद्मश्री बुद्धभूषण यांचे हार्दिक अभिनंदन. भव्य नागरी सत्कार, गुरुवार २४ जुलै, सकाळी ११.

सोनूचे पप्पा शिफ्टवरून येताना फ्लेक्स बघून आले. विचारलं, हे काय? मी म्हणलं, आलाय ना मेसेज. म्हणले, दाखव. म्हणलं, सोनूने डिलीट केला. त्यांनी चहा संपवला. मग म्हणले, भूषणला मिळत असेल तर मग ठीक आहे. खेळाडूंना द्यायलाच पाहिजे.

असे बदलले. एका आठवड्यात.

दादा काही रोज रहाटणीत येत नाही. त्याला कळायच्या आत वाऱ्याने फ्लेक्स फाटेल. या दिवसात टिकत नाहीत ते.

१४ जुलै, सोमवार.

टिकला. आणि दादाला कळलं. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर टाकला. मग ज्ञानेशभाऊंनी स्वतः फोन केला त्याला.

दादाचा मला फोन आला. मला वाटलं शिव्या घालणार. मी तयारीत होते, सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच उचलला. तो म्हणला, विजू, मला वाटलं सगळे विसरले गं.

मी म्हणलं, जेवलास का?

दुसरं काय बोलणार होते? कुणाला सुचेल?

१५ जुलै, मंगळवार.

अनोळखी नंबरवरून तीन फोन. पोलीस असणार. आधार माझं, ओटीपी माझा, भारताकडून खेळला हे पण मीच लिहिलेलं. मोबाईल तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. तिथून पण ऐकू येत होता.

संध्याकाळी गॅसवाला दारात. म्हणला, ताई, तीनदा फोन केला, सिलेंडर परत नेणार होतो.

घाबरायचं नाही, असं चार तारखेला ठरलंय. परत एकदा ठरवलं.

१७ जुलै, गुरुवार.

दादा आला. दाढी केलेली, केस कापलेले. पायऱ्या कठडा न धरता चढला, मी वरून बघत होते. सोनूला खांद्यावर घेऊन अख्ख्या खोलीत कबड्डी कबड्डी करत फिरला. सात चपात्या.

म्हणला, लाइनवर सगळ्यांना पेढे वाटले. सुपरवायझर आजवर भिमाजीचा पोरगा म्हणून हाक मारायचा, आमचे अण्णा पण तिथंच हेल्पर होते ना, परवा त्याने बसायला खुर्ची दिली. दादा म्हणला, विजू, सहा वर्षात मी त्या शेडमध्ये बसलो नव्हतो.

मग म्हणला, मी विचार केला, खरंच मला मिळायला पाहिजे का? माझ्यापेक्षा भारी पोरं होती. मग वाटलं, दिल्लीवाल्यांनी काहीतरी बघितलंच असेल.

पोळपाट धुताना तीनदा तोंड उघडलं. तीनदा नळ सोडला.

मी एक विचार केलाय. दिल्लीवाले फॉर्म वाचणारच आहेत. मग देतील पण कदाचित. आजच खरं सांगून टाकलं आणि नंतर खरंच मिळाली तर उगाच त्याला मधे दुःख. त्यामुळे न सांगणंच बरोबर आहे.

जाताना गोणी मागितली. खोलीत भिंतीला फळी ठोकतोय म्हणला.

२० जुलै, रविवार.

झोप येते पण लागत नाही. भात दोनदा करपला. सोनूला एका पायात माझी चप्पल घालून बालवाडीला नेलं, आणि आज रविवार होता.

उद्या सांगणार. सोनूची शपथ घेणार होते पण नको. फ्रीजची घेतली.

२२ जुलै, मंगळवार.

फोन केला. तो म्हणला, बोल विजू. आवाज असा की लहानपणी मॅच जिंकून यायचा तसा. मी म्हणलं, शर्टाला इस्त्री केलीस का?

परत केला. म्हणलं, पँट कुठली घालणार?

तिसऱ्यांदा केला तर तोच म्हणला, विजू, तुझ्यापेक्षा मीच कमी घाबरलोय. आणि हसला.

मग म्हणला, ऐक, एक ठरवलंय. ही कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी सोडतोय. पद्मश्री माणसाने पत्रे उचलायचे का? सरकार कोच म्हणून घेईलच. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस ऑफिसला बसतो, दहाला. त्याच्याकडं गेटपास आणि युनिफॉर्म जमा करतो आणि तसाच सत्काराला येतो. एकदा पास जमा केला की परत घेत नाहीत, बाहेर शंभर पोरं उभी असतात. पण आता काय करायचाय परत?

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक बरं म्हणले.

२३ जुलै, बुधवार.

सगळी तयारी केली. कुसुमताईंना सांगायचं, म्हणजे त्या दादाला सांगतील. गेले. त्या स्टेजवर घालायच्या साडीला फॉल लावत होत्या. म्हणल्या, विजयश्री, तुझ्या भावाने मला पटवलं बघ, मान असाच द्यावा, आपल्यातल्या पोराला. मी वाटी परत मागून आले. वाटी त्यांचीच होती.

ज्ञानेशभाऊंच्या ऑफिसला गेले. ते म्हणले, वहिनी, काळजी करू नका, ढोलताशा सांगितलाय.

सोनूच्या पप्पांना सांगायला बसले. ते म्हणले, उद्या सुट्टी असून पण ओव्हरटाइमला बोलावलंय, पण साडेदहाला सुटून येतोच. मोठ्या मेव्हण्याचा सत्कार आहे, सुपरवायझरला सांगितलंय. छाती पुढं काढून सांगत होते. या माणसाला मी असा कधी बघितला नव्हता.

उद्या सकाळी उठल्या उठल्या फोन करणार. पक्कं.

२४ जुलै, गुरुवार. सकाळी ८.१०

उठल्या उठल्या नळाला पाणी आलं.

८.३५

फोन लावला. त्याने उचलला. मागं गाणी चालू, खोलीतली पोरं त्याच्या नावाने ओरडतायत. म्हणला, विजू, नवीन शर्ट घातलाय, पांढरा, फोटो पाठवतो. मी म्हणलं, पाठव.

पाठवला. कॉलरचं लेबल बाहेर राहिलंय. तेवढं तरी सांगायला पाहिजे होतं.

८.५०

सोनूचे पप्पा ओव्हरटाइमला. त्यांचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा असतो. म्हणजे त्यांना सांगायची वेळ गेली. यात माझा दोष नाही.

चौकात माईक टेस्टिंग चालू झालंय. हॅलो हॅलो. खुर्च्या लावतायत. कुणीतरी दादाचं नाव घेऊन बघतंय, पद्मश्री बुद्धभूषण, पद्मश्री बुद्धभूषण, आवाज मागच्या गल्लीपर्यंत येतोय का म्हणून. येतोय.

९.०५

मी सोनूला डोस द्यायला पिंपळे गुरवला चाललेय. डोस पुढच्या आठवड्यात आहे, पण लवकर गेलेलं बरं, गर्दी नसते. मी पळून चाललेय असं कुणी समजू नये.

ही वही कुसुमताईंच्या ओट्यावर ठेवून जाते, डब्यांच्या शेजारी, उघडी. आत्तापर्यंत माझ्याशिवाय कुणी वाचलेली नाही. नऊ वीसला त्या डबे भरायला बाहेर येतात. त्या नसल्या तर डबे न्यायला जो येईल तो.

जे कोण वाचेल त्यांनी पहिलं पान वाचत बसू नका, वेळ नाही. माझ्या भावाला फोन लावा. नंबर मागच्या पुठ्ठ्यावर आहे, दादा चाकण असा लिहिलाय. एवढंच सांगा, गेटपास देऊ नको. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसच्या दारात असला तरी परत फिर म्हणावं. बाकीचं मी सांगते, नंतर. कुणी फोन केला विचारलं तर नाव सांगू नका. नाही, सांगा. माझंच सांगा.

दहाच्या आत लावा. एकदा नाही उचलला तर परत लावा.