बदलीवरच्या बाई

शनिवार, १९ सप्टेंबर
दुपार

चि. बेबी,

आशीर्वाद. तुझ्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी न्यायला हॉस्पिटलची गाडी संध्याकाळी येईल. तिच्या तळाशी हे पत्र ठेवतोय. निळ्या कुडत्यावर इस्त्रीचा चट्टा दिसेल, तो माझाच पराक्रम आहे, तेव्हा शोध घेत बसू नकोस. इथे मी आणि तुझी टिल्ली, दोघं ठणठणीत. जावईबापूंचा बोटीवरून निरोप आला. उतरायला अजून परवानगी नाही, पण जेवण बरं आहे म्हणाले.

रविवारी फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू दमलेली असतेस, आणि माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. अख्खी नोकरी लेथ मशीनपाशी काढल्यावर कान उरतात कुठे! शिवाय काही गोष्टी सांगताना माझी जीभ अडखळते. लिहिताना निदान खोडता तरी येतं.

आधी शाळेची गंमत ऐक.

टिल्लीच्या नेहमीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी शाळेने कुणाला बसवलं, तर शिवण शिकवणाऱ्या बाईंना! मोठ्या मुलींना टाके घालायला शिकवणं वेगळं आणि बालवाडीतली ही वानरसेना फोनच्या पडद्यावरून सांभाळणं वेगळं. पण शाळेला कोण सांगणार? पहिल्या दिवशी पडद्यावर एक गोल चेहऱ्याची, पिकल्या केसांची बाई दिसली. तोंड हलतंय, हातवारे चाललेत, पण आवाज नाही. मला वाटलं, झालं, माझ्या कानातलं यंत्र मेलं. सेल बदलला, यंत्र टेबलावर आपटलं, एक शिवीसुद्धा हासडली. तेवढ्यात दुसऱ्या चौकोनातली एक आई कडाडली ती मला स्पष्ट ऐकू आली. म्हणजे मी बरा होतो. बाईंनीच आवाज चालू केला नव्हता. हत्तीची अख्खी गोष्ट त्यांनी मुक्यानेच सांगून संपवली होती.

मग रोजचाच तमाशा. पुस्तक कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरायच्या, की चित्राऐवजी त्यांचा अंगठा दिसायचा. एक पोरगा नुसतं छत दाखवायचा. एक पठ्ठ्या फोन घेऊन थेट मोरीत गेला, आणि बाई आपल्या प्रेमाने म्हणताहेत, "हं, आता छान मांडी घालून बस बाळा." मी हसून हसून बेजार. हसताना सवयीने तुझ्या आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग टिल्लीकडे बघितलं. ती हसत नव्हती.

आता टाळण्यात अर्थ नाही. बेबी, टिल्ली बोलत नव्हती.

तुला साथीच्या वॉर्डात ड्युटी लागली, तू क्वार्टरमध्ये राहायला गेलीस, त्या सकाळी तिने तुला हात हलवून टाटा केला, चपला जागेवर ठेवल्या आणि गप्प बसली ती बसलीच. पाणी हवं असलं की ग्लास दाखवायची. भूक लागली की माझी बाही ओढायची. आणि मला मेल्याला ते आधी कळलंच नाही गं. मला वाटायचं, ती बोलतेय आणि मलाच ऐकू येत नाहीये. "जरा मोठ्याने बोल राणी," असं म्हणत मी तिच्या तोंडाशी कान न्यायचो. ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. शेवटी ध्यानात आलं, तिचे ओठच हलत नाहीत.

घरात एक बहिरा आणि एक मुकी. संध्याकाळी दोघं खिडकीत बसायचो. समोरचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी यंत्र काढून खिशात टाकायचो. ऐकायचं तरी काय?

तुझा फोन वाजला की ती पलंगाखाली शिरायची. मी तुला सांगायचो, झोपलीये, नाहीतर शेजारी खेळायला गेलीये. सध्या कोण कुणाकडे जातंय खेळायला! तुला एवढंही सुचलं नाही, इतकी तू थकलेली होतीस. मी डॉक्टरांशी बोललो होतो. धीर धरा, बोलेल, म्हणाले. तुला सांगितलं असतं तर तिथे तुझा हात कामात चालला नसता. मी चुकलो की बरोबर वागलो, ते तूच ठरव.

मग एका सकाळी बाईंचा आवाज पुन्हा बंद. बाकीची पोरं आपापल्या नादात. बाई अगदी रंगात येऊन मुकी कविता म्हणताहेत. टिल्ली माझ्या मांडीवरून पुढे सरकली, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाली, "बाई, तुमचा आवाज बंद आहे."

मला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं म्हणून सांगू!

बाईंची तारांबळ. "अगं बाई! आता येतो का गं?" "आता येतो." एवढंच बोलणं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आवाज परत बंद. तिसऱ्या दिवशीही. टिल्ली आधीपासूनच दबा धरून बसलेली. मग "बाई, पुस्तक उलटं आहे," "बाई, तुम्ही अर्ध्याच दिसताय." एकदा तर हुबेहूब तुझ्या सुरात, "किती वेळा सांगायचं तुम्हाला!" हळूहळू माझ्याशीही बोलायला लागली. मला वाटलं, आता बाईंना ते बटण नीट दाखवावं. वर्ग सुटल्यावर तसं म्हणालो, तर हसल्या. "आजोबा, बटण मला केव्हाच कळलंय हो. पण ते मी आधीच दाबलं तर तुमची नात काय बोलणार? चूक दिसल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, बघितलंय मी."



इकडे पालक मात्र तापलेले. जिला अजून आवाज चालू करता येत नाही ती काय शिकवणार, असं जो तो म्हणायला लागला. काल संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी पडद्यावरच सभा घेतली, बाईंना ठेवायचं की काढायचं म्हणून. बाई एका चौकोनात बसलेल्या, मागे शिलाई मशीन. रोज असं का होतं, असं त्यांना विचारलं. मला वाटलं, आता सांगतील. तर मान खाली घालून म्हणाल्या, "माझंच चुकतं. मला जमत नाही." आपल्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून त्या बाईने चारचौघांत स्वतःला बिनकामाची ठरवून घेतलं.

मग माझ्याने राहवलं नाही. हात वर केला आणि घडाघडा सगळं बोललो. तू गेलीस ते, पलंग, माझे कान, सगळं. थांबलो, तर सगळे आपले माझ्याकडे बघताहेत. मला वाटलं, काळजाला भिडलं. तेवढ्यात मागून टिल्ली आली. "आबा, तुमचा आवाज बंद आहे." तिनेच बटण दाबलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा काही ते नीट सांगता आलं नाही.

बाई राहिल्या. सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारी आईच शेवटी म्हणाली, "आमचा पण वर्गात तोंड उघडत नाही. त्यालाही एखादी चूक काढू द्या."

सभेत इतक्या जणांनी ऐकलंय म्हणजे ते तुझ्या कानावर येणारच. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. रागव, तुझा हक्कच आहे.

पण एक राहिलंय गं. बाईंशी बोलते, माझ्याशी बोलते, तुझं नाव मात्र अजून काढत नाही. तुझा फोन वाजला की अजूनही पलंगाखाली.

उद्या चेहरा दिसेल असा फोन कर. मी फोन पलंगाखाली सरकवून बाजूला होईन. तू तुझा आवाज बंद ठेव आणि बोलत राहा. मनात येईल ते बोल, रडू आलं तर रड, कुणाला ऐकू जाणार नाही. फक्त थांबू नकोस. ती बघत राहील. वेळ लागेल कदाचित. आणि ती बोलली की लगेच बटण दाबू नकोस. बाई म्हणतात, थोडं शोधल्यासारखं करावं. तिला दोनदा सांगायला आवडतं.

यंत्रात नवा सेल घालून दाराशी उभा असलेला,

तुझा बाबा