तू पाठवलेली सीडी आणि माझी गोपनीय यादी

बिबवेवाडी, पुणे
९ ऑक्टोबर २००६

चि. आमोद यास माधवमामाचे आशीर्वाद (या खेपेस अटींसह, अटी पुढे येतीलच).

तुझी प्रकृती उत्तम असणार. बंगळूरच्या हवेत ती बिघडतच नाही असं तुझी आई सांगते. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल मात्र ती काही सांगत नाही, तेव्हा ते तू कळव. इकडे मी ठीक, तुझी कुसुममामी ठीक, आणि ऋचा लग्न ठरल्यापासून जरुरीपेक्षा जास्त ठीक. ठीक नाही तो कॉम्प्युटर. त्याबद्दल तुला सरळच विचारतो: ती लिनक्सची सीडी तू चांगल्या मनाने पाठवलीस ना?

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे सध्या सदैव कोणीतरी असतं. ऋचाच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी मी मशीनवर केली आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या यादीला शेऱ्यांचा एक रकाना आहे, हे फक्त तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत लोकांचे गोपनीय अहवाल लिहिल्यावर नुसतं नाव लिहून हात थांबत नाही रे. तात्याराव: 'लग्नाला येत नाहीत, जेवणाला येतात.' व्याही: 'हसतात फार. कारण शोधावे.' आणि खुद्द जावई संतोष (जावयाला कसली पत्रिका, असं म्हणू नकोस, यादी परिपूर्ण असावी लागते): 'हुशार, निर्व्यसनी. डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. प्रतिकूल.' आता हे उद्या कोणाच्या हाती पडलं, तर सव्वीस नोव्हेंबरला मंगल कार्यालयात मी आणि आचारी असे दोघेच उरू.

गेल्या महिन्यात लोडशेडिंगमध्ये वीज गेली. वीज परत आली, विंडोज आलं नाही. चौकातल्या मच्छिंद्रच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात डबा रिक्षात घालून नेला. त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच औषध: "काका, फॉरमॅट मारून टाकू?" फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं, हे त्याने मी तीनदा विचारल्यावर सांगितलं. माणूस पुसायला इतका उतावीळ का असावा? मी डबा तसाच घरी आणला. दुसरीकडे संतोष. तो मूळचा वाशीमचा, हिंजवडीच्या कंपनीत याच कामाचा पगार घेतो, आणि दर रविवारी धायरीहून येऊन मॉनिटरकडे बघत म्हणतो, "मी पाहतो ना, काकाजी." इतकी मदत करायची हौस कोणाला असते? मी त्याला सांगितलं, मशीनला सध्या विश्रांती दिली आहे.

म्हणून तुला साकडं घातलं आणि तू सीडी पाठवलीस. ही नुसती घालायची, विंडोजशिवाय मशीन तिच्यावरच चालतं, आतल्या कशाला धक्का लागत नाही, आपली फाइल उचलून घ्यायची. आणि वर म्हणालास, ही लोक फुकट वाटतात! पुण्यात फुकट फक्त सल्ला मिळतो, तोही आपण चुकल्यानंतर. तरी मी तुझा मान ठेवला. सीडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. दुसऱ्या दिवशी पाटावर पोथी, कात्री आणि शिवणयंत्राच्या पंक्तीला तिला बसवून मी स्वतःच्या हाताने पूजा केली, झेंडूचं फूल वाहिलं. मामीच्या सुरीलाही एवढा मान मिळाला नाही.

आणि तिने काय केलं? एक पेंग्विन (लिनक्सचं बोधचिन्ह म्हणे) दाखवला, पाठोपाठ काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा पूर, आणि शेवटी 'कर्नेल पॅनिक'. कर्नेल म्हणजे गाभा, असं तूच सांगितलंस. ज्याचा गाभाच घाबरट, त्याच्या भरवशावर मी मुलीचं लग्न काढू? वर कीबोर्डवरचे दिवे उघडझाप करू लागले. ते कोणाला खुणा करत होते?

तुला मामीसमोर फोन केला, तर तू मशीन सुरू होताना टाइप करायचे मंत्र दिलेस: आधी 'नोएपिक', मग 'एसीपीआय ऑफ'. प्रत्येक मंत्राने घाबरण्याची जागा बदलली, घाबरणं काही गेलं नाही. मग म्हणालास, रॅमची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा. मी घासत होतो आणि मामी दारात उभी राहून बघत होती. ती अशी बघू लागली की समजावं, आपल्याही नावापुढे कुठेतरी शेरा पडला. त्यानंतर मेमरीची परीक्षा तीन तास चालली आणि पट्टी शंभर टक्के पास झाली. म्हणजे दोष मशीनचा नाही. माझा तर नाहीच. उरलं कोण? तुझ्या मुंजीत मी दिलेलं घड्याळ चाललं नव्हतं, त्याचा हा वचपा तर नव्हे?

पत्रिका छापून आल्या आहेत, गठ्ठा कपाटावर पडून आहे, आणि पत्ते आत अडकले आहेत. दुसरी सीडी पाठव. न घाबरणारी.

राग नाही, केवळ संशय आहे.
तुझा,
माधवमामा

ता. क. पत्र पाकिटात घालून मार्केट यार्डात बटाटे आणायला गेलो. परत येतो तो संतोष मशीनसमोर! ऋचाने त्याला बसवलं होतं. तुझी सीडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून तो म्हणाला, "काकाजी, याला तर कुंकू लागून आहे." चकचकीत बाजू ती दर्शनी, असं समजून मी तिकडेच हळदकुंकवाची बोटं टेकवली होती. मशीन नेमकं त्याच बाजूने वाचतं म्हणे. त्याने मऊ फडक्याने मधून कडेकडे अलगद पुसली. पेंग्विन आला, आणि या खेपेस मशीन न घाबरता चालू झालं. सबब तुझ्याविषयी वर लिहिलेलं रद्द समजावं. खोडत नाही, कागद वाईट दिसतो.

ता. क. २. त्याने यादी पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी उघडून नाही पाहिली, काकाजी." मी विचारलं नव्हतं. आमोद, मुलगा मला आवडतो रे. फार आवडतो. ते तेवढं मी यादीत लिहिलं नव्हतं.

ता. क. ३. नंतर चहा झाला. तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. कप रिकामा होईपर्यंत पापणी लवली नाही, बिचाऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं. नोकरीत प्रतिकूल शेरा लेखी कळवून वर्षभर सुधारणेची वाट पाहावी लागे. इथे चहा निवायच्या आत सुधारणा! फाइल शेवटची कधी उघडली गेली हे मशीनला सांगता येतं का? येत असेल तर मला कळवू नकोस. त्याच्या नावापुढे आता 'घरचा माणूस' एवढंच ठेवलं आहे. रविवारी तो जेवायला येणार आहे. तुझी सीडी घालून यादी पडद्यावर उघडीच ठेवीन आणि मी बटाटे आणायला जाईन.